झोपलेल्यांची मोजदाद

प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, काम करते म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे बोट, बारीक जाळी आणि निळंशार पाणी उभं राहतं. माझे बहुतेक दिवस मात्र चिखलात जातात. किनाऱ्याजवळच्या समुद्रतळाचा हा गाळ काळपट, थंडगार आणि हायड्रोजन सल्फाइडच्या उग्र वासाचा असतो. कपड्यांना लागला की सहजी निघत नाही. त्यात मी जे शोधते ते पोहत नाही, वाढत नाही, विभागत नाही. ते झोपलेलं असतं. आणि आपण ठरवू तोवर त्याची झोप मोडू द्यायची नाही, या कामातली निम्मी अक्कल यातच आहे.

डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव. दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखे बारीक धागे, हलवत, स्वतःभोवती गिरक्या घेत ते पाण्यातून सरकतात. परिस्थिती बिघडायला लागली, म्हणजे पोषकद्रव्यं संपत आली, हंगाम पालटला, की काही जातींच्या पेशी एकमेकींशी जोडी जमवतात. दोन पेशी एक होतात, ती एक पेशी काही दिवस पोहते, मग कशाभिका टाकून देते, स्वतःभोवती जाड भिंत उभारते आणि तळाशी बसते. हा सिस्ट. समुद्रात डायनोफ्लॅजेलेटांच्या दोन हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या १० ते २० टक्के जाती असे सिस्ट करतात असं धरलं जातं. डायटम या सिलिकेच्या कवचाच्या एकपेशीय शैवालांचेही सुप्त बीजाणू असतात, कोपेपॉड या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांची अंडीसुद्धा गाळात वर्षानुवर्षं पडून राहतात. पण माझा संबंध मुख्यतः डायनोफ्लॅजेलेटांशी.

एवढा खटाटोप कशासाठी, तर यातल्या मूठभर जाती विषारी आहेत म्हणून. अलेक्झांड्रियमच्या काही जाती सॅक्सिटॉक्सिन तयार करतात. पाणी गाळून खाणारे शिंपले आणि कालवं ते विष अंगात साठवतात. त्यांना स्वतःला फारसं काही होत नाही, खाणाऱ्या माणसाचे स्नायू मात्र लुळे पडतात. किलोभर मांसात ०.८ मिलिग्रॅमच्या वर विष सापडलं की शिंपल्यांची काढणी थांबवायची, ही मर्यादा जगातल्या बहुतेक देशांत पाळली जाते. पाण्यात अलेक्झांड्रियम दिसायला लागला म्हणजे गोष्ट सुरू होऊन गेलेली असते. तळाशी किती झोपलेत हे आधी कळलं, तर निदान कुठे लक्ष ठेवायचं हे ठरवता येतं.

नमुना घेण्याची जागा निवडण्यातच बराच वेळ जातो. सिस्ट असतो २० ते ८० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि पाण्यात बुडताना तो गाळाच्या बारीक कणासारखाच वागतो. जिथे असे कण साचतात तिथेच सिस्ट साचतात. त्यामुळे जोराचा प्रवाह असलेल्या वाळूच्या तळावर शोधून हाती काही लागत नाही. तिथे काही सापडलं नाही म्हणून त्या भागात तो जीवच नाही असा निष्कर्ष काढलेले अहवाल मी वाचले आहेत, आणि दर वेळी चरफडले आहे. शांत खाडी, बंदराचा कोपरा, समुद्रतळावरची खोलगट जागा, अशी ठिकाणं धरायची.

गाळ काढायला दोन रस्ते. ग्रॅब, म्हणजे तळावर आदळून जबडा मिटणारं यंत्र, स्वस्त आणि जलद असतं. पण ते वर येताना सगळ्यात वरचा, तरंगता म्हणावा असा मऊ थर धुऊन टाकतं, आणि नव्याने बसलेले सिस्ट त्याच थरात असतात. म्हणून मी शक्य तिथे कोरर वापरते. पारदर्शक नळी सरळ गाळात उतरते आणि उभा गाभा तसाच्या तसा वर येतो. नळी वर आली की पहिली नजर गाळावरच्या पाण्याकडे. ते नितळ असेल, गाळाचा पृष्ठभाग शाबूत असेल, कृमींनी केलेल्या बारीक नळ्या उभ्या दिसत असतील, तर गाभा चांगला. पाणी गढूळ असेल तर मुकाट्याने फेकायचा आणि दुसरा घ्यायचा. बोटीवर हे जिवावर येतं, कारण लाटा वाढत असतात आणि सगळ्यांना परत फिरायची घाई असते. पण गढूळ गाभ्यावर पुढे प्रयोगशाळेत कितीही मेहनत घेतली तरी ती वाया जाते.

मग काप. नळीच्या खालून दट्ट्या लावून गाभा वर सरकवायचा, पट्टीवर एक सेंटिमीटर मोजायचा आणि पातळ पत्र्याने सपाट कापायचा. प्रत्येक चकतीची बाहेरची कड काढून टाकायची, कारण नळी आत घुसताना वरचा गाळ कडेकडेने खाली ओढला जातो. वरवर पाहता ही नासाडी वाटते. पण खालच्या थराचं वय काढायचं असेल तर त्या कडेतला कालचा गाळ सगळं गणित बिघडवतो.

आता झोपेचा मुद्दा. सिस्टला जागं करणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन: ऊब, प्राणवायू आणि उजेड. गाळाच्या आत काही मिलिमीटर खाली गेलं की प्राणवायू संपतो, अंधार तर असतोच, आणि तिथे सिस्ट अडकून पडतो. आपण नेमकं काय करतो, तर त्याला तिथून उचलून भर उन्हात बोटीच्या फळीवर आणून ठेवतो. म्हणून चकती बरणीत भरताना ती काठोकाठ भरायची, वर हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही, झाकणावरून टेप, काळी पिशवी, बर्फाची पेटी आणि शेवटी ४ अंशांचा फ्रिज. अशा अवस्थेत नमुना महिनोन्‌महिने टिकतो.

हे न पाळल्यावर काय होतं तेही पाहिलं आहे. एका ठिकाणाहून आमच्याकडे तपासायला नमुने आले ते पारदर्शक बाटल्यांत, अर्धी बाटली हवा, आणि प्रवासात गारव्याची काहीही सोय नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रिकामी कवचं भरपूर दिसली, भरलेले सिस्ट जवळजवळ नाहीत. आता ते समुद्रात फुटले की बाटलीत, हे कोण सांगणार? पाठवणाऱ्यांना हवं होतं एका ओळीचं उत्तर, ‘धोका नाही’. मी ते दिलं नाही. त्या नमुन्यांतून कवचांच्या जातींची यादी तेवढी काढून दिली आणि नमुने पुन्हा, नीट, घ्यायला सांगितलं. त्यावर बरीच कुरबुर झाली.

प्रयोगशाळेत पहिलं काम वजनाचं. थोडा गाळ ओव्हनमध्ये वाळवून त्यात पाणी किती ते काढायचं. ओल्या गाळात निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं आणि हे प्रमाण जागेगणिक बदलतं. म्हणून दर ग्रॅम सुक्या गाळामागे किती, असं मांडल्याशिवाय दोन जागांची तुलना होत नाही. मग मोजून घेतलेला गाळ गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ढवळायचा आणि अल्ट्रासाउंडखाली थोडा वेळ धरायचा, म्हणजे चिकटलेले गोळे सुटतात. किती वेळ, हा हाताच्या सवयीचा भाग आहे. कमी धरलं तर सिस्ट गोळ्यांत दडून राहतात, जास्त धरलं तर पातळ भिंतीचे फुटतात. पुढे दोन चाळण्या. वरची १०० मायक्रॉनची, तिच्यात शंखांचे तुकडे, काड्याकचरा अडकतो. खालची २० मायक्रॉनची, तिच्यातून बारीक चिखल वाहून जातो. मधलं ते आपलं.

मधल्यातही खनिजांचे कण असतातच, आणि ते सिस्टपेक्षा जड असतात. गोलाकार काचेच्या बशीत हे सगळं घेऊन हलक्या हाताने फिरवायचं, म्हणजे जड कण मध्ये गोळा होतात आणि हलके वर उचलले जातात. ते पिपेटने बाजूला घ्यायचे, पुन्हा फिरवायचं. झारेकरी सोनाराच्या दुकानातला केर धुतो, त्याच जातीचं काम. दुसरा मार्ग सोडियम पॉलिटंगस्टेटचा. या मिठाचं द्रावण पाण्याहून बरंच दाट करता येतं. त्यावर गाळ घालून सेंट्रिफ्यूज फिरवलं की वाळूचे कण खाली जातात आणि सिस्ट मधल्या थरात तरंगतात. पद्धत सुबक आहे, पण मीठ महाग, आणि द्रावणातून सिस्ट लगेच धुऊन काढले नाहीत तर त्यांचं पाणी शोषलं जायची भीती. जिवंत सिस्ट हवे असतील तर मला बशीच बरी वाटते. तरुण सहकारी यावर हसतात.

आणि मग सूक्ष्मदर्शक. इथे बाहेरच्या माणसाला वाटतं की खरं काम सुरू झालं. पहिले काही आठवडे मला परागकण, बुरशीचे बीजाणू, कृमींची अंडी, हवेचे बुडबुडे आणि सिस्ट हे सगळं एकच वाटायचं. नजर बसते ती हळूहळू. अलेक्झांड्रियमचा सिस्ट दोन्ही टोकांना गोल असलेल्या औषधाच्या कॅप्सूलच्या आकाराचा, रंगहीन, पारदर्शक. त्याच्यावर चिकट आवरण असतं, त्यामुळे तो गाळाचे कण पांघरूनच येतो. नेमका तोच पटकन दिसत नाही. फोकस आतबाहेर केला की आत स्टार्चचे पांढुरके दाणे आणि त्यांच्यात एक लालसर नारिंगी ठिपका दिसतो. तो ठिपका दिसला की हात आपोआप मोजणीच्या बटणाकडे जातो. जिम्नोडिनियम कॅटेनाटमचा सिस्ट गोल, तपकिरी, आणि भिंतीवर बारीक बारीक चौकटींची जाळी. पण जाळी दिसायला भिंग मोठं लागतं आणि धीरही. गोनियोलॅक्सचे सिस्ट टोकाला फाटे फुटलेले काटे मिरवतात. स्क्रिप्सिएलाचे चुन्याचे काटे प्रकाशात चमकतात. आणि गुळगुळीत, गोल, तपकिरी असे प्रोटोपेरिडिनियमचे कितीतरी, जे एकमेकांसारखे इतके दिसतात की नुसत्या आकारावरून जात सांगणं धाडसाचं. बाहेर पडायच्या छिद्राचा आकार दिसला तर थोडं जमतं. नाही दिसला तर मी वहीत ‘गोल तपकिरी’ एवढंच लिहिते. खोटं नाव देऊन तक्ता भरगच्च करण्यात काय हशील?

त्या छिद्राला आर्किओपाइल म्हणतात आणि या सगळ्या शास्त्राचं मूळ तिथे आहे. १८३० च्या दशकात जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एहरेनबर्ग यांनी गारगोटीच्या पातळ कापांमध्ये जीवाश्म झालेले काटेरी गोळे पाहिले होते. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं हे काटेरी गोळे नक्की कोणाचे, यावर नुसते तर्क चालले. १९६१ मध्ये विल्यम एव्हिट यांनी दाखवलं की त्यांतल्या अनेकांच्या भिंतीवरचं छिद्र ठरावीक जागी, ठरावीक आकाराचं असतं, आणि ते डायनोफ्लॅजेलेटच्या चिलखताच्या पट्ट्यांशी जुळतं. म्हणजे ही आतला जीव बाहेर पडून गेल्यावर उरलेली कवचं. त्याच दशकात डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी ताज्या गाळातले जिवंत सिस्ट वेगळे काढून ठेवले, ते उमलू दिले आणि कोणत्या कवचातून कोण बाहेर येतं ते डोळ्यांनी पाहिलं. तोवर जीवाश्मवाले कवचाला एका नावाने ओळखत होते आणि जीवशास्त्रवाले पोहणाऱ्या पेशीला दुसऱ्या. ती दोन नावं आजही शेजारी शेजारी चालतात, आणि नव्या विद्यार्थ्यांची त्यात दमछाक होते.

मोजताना मी दोन रकाने ठेवते, भरलेले आणि रिकामे. भरलेला म्हणजे आत पेशीद्रव्य आहे, तो अजून वाट बघतोय. रिकामा म्हणजे कोणीतरी बाहेर पडून गेलं, किंवा आतलं कुजून गेलं. फक्त एकूण आकडा छापणारे लोक ही माहिती फेकून देतात. अलेक्झांड्रियमसारखी एखादीच जात हवी असेल आणि नमुने ढीगभर असतील, तर प्रायम्युलिनचा रंग कामाला येतो: फॉर्मॅलिनमध्ये सिस्ट स्थिर करायचे, मेथॅनॉलने हरितद्रव्य काढून टाकायचं, मग रंग; निळ्या प्रकाशात सिस्ट पिवळट हिरवे चमकतात आणि मोजणी झटपट होते. पण चमकला म्हणून तो जागा होईलच असं नाही. फॉर्मॅलिनमध्ये तर सगळे मेलेलेच असतात.

जुन्या थरांतून त्या जागेचा इतिहास काढायचा असेल तेव्हा वेगळीच तऱ्हा. हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना विरघळवायचा, हायड्रोफ्लुओरिक आम्लाने वाळू आणि माती. सिस्टची सेंद्रिय भिंत, डायनोस्पोरिनची, दोन्हींना पुरून उरते. मी मात्र या दुसऱ्या आम्लाला आजही घाबरते. ते कातडीतून आत शिरून रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि सुरुवातीला नीट दुखतही नाही. कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी ठेवल्याशिवाय बाटली उघडायची नाही, एकट्याने तर मुळीच नाही. या धुलाईत चुन्याच्या भिंतीचे स्क्रिप्सिएला गायब होतात, हे ध्यानात ठेवावं लागतं. धुताना थोडेफार सिस्ट सांडतात, त्याचा हिशेब लायकोपोडियमच्या गोळीने लागतो. या वनस्पतीचे ठरावीक संख्येचे बीजाणू असलेली गोळी सुरुवातीलाच गाळात टाकायची. समजा गोळीत १०,००० बीजाणू होते, आणि स्लाइडवर २५० सिस्ट मोजेपर्यंत ५० बीजाणू दिसले, तर त्या नमुन्यात सिस्ट ५०,०००. धुताना जे गेलं ते दोघांचं सारख्याच प्रमाणात गेलं असं मानायचं. मानण्याशिवाय इलाज नाही.

पण या कामातली मजा म्हणाल तर ती जागं करण्यात. काचेची पिपेट ज्योतीवर धरून ओढायची, म्हणजे टोक केसासारखं बारीक होतं. त्याने एकच सिस्ट उचलायचा, स्वच्छ माध्यमाच्या थेंबातून थेंबात फिरवून त्याच्या अंगचे चिखलाचे कण आणि चिकटलेले डायटम झटकायचे आणि प्लेटच्या एका खळग्यात सोडायचा. माध्यम म्हणजे एफ/२ हे पोषक द्रावण, पण पातळ केलेलं आणि सिलिकेट वगळून, नाहीतर डायटम माजतात. तरीही आलेच तर थोडं जर्मेनियम डायऑक्साइड. मग योग्य तापमान, उजेड, आणि रोज सकाळी प्लेट तपासणं. बहुतेक सकाळी काहीच घडलेलं नसतं.

एकदा ते समोर घडताना मिळालं. आतलं द्रव्य आदल्या दिवशी दाणेदार, स्तब्ध होतं. त्या दिवशी ते गडद होऊन एका बाजूला सरकलं होतं आणि बघता बघता भिंतीपासून सुटून आतल्या आत फिरायला लागलं. मग भिंतीला फट पडली. बाहेर येणारी पेशी त्या फटीपेक्षा जाड होती, त्यामुळे ती स्वतःला चिमटून, मधोमध आवळून, अर्धी आत अर्धी बाहेर अशी किती तरी वेळ अडकलेली दिसली. मी भिंगावरून डोळा काढला नाही. सुटली तेव्हा ती उघडी होती, चिलखताच्या पट्ट्या नाहीत, आकार लांबट, आणि मागे एकाऐवजी दोन कशाभिका लोंबत होत्या. तिच्यात अजून दोन्ही पालकांचे गुणसूत्रांचे संच एकत्र असतात. पुढे काही दिवसांत ती विभागते तेव्हा ते निम्मे होतात आणि मग ओळखीची, चिलखत घातलेली पेशी दिसते. खळग्याच्या तळाशी रिकामं कवच तसंच पडून होतं. त्याचा फोटो घ्यायचाच, कारण कवच आणि पेशी एकाच जीवाची असल्याचा तोच पुरावा.

सगळे उठत नाहीत, आणि न उठलेला मेलेलाच असतो असंही नाही. सिस्ट तयार झाल्यावर काही काळ तो कितीही आमिष दाखवलं तरी उमलत नाही. जिम्नोडिनियम कॅटेनाटमला दोनेक आठवडे पुरतात, थंड पाण्यातल्या अलेक्झांड्रियमला काही महिने लागतात. किनाऱ्यावरच्या उथळ तळ्यांतल्या अलेक्झांड्रियमला तर ठरावीक इतकी थंडी अंगावर साठावी लागते, त्यानंतरच तो उमलायला तयार होतो. आणि अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मेनच्या आखातातल्या खोल पाण्यातल्या सिस्टची गोष्ट आणखी नवलाची: १९८७ मध्ये अँडरसन आणि कीफर यांनी दाखवलं की अंधारात, एकाच तापमानाला ठेवूनही ते वर्षाच्या ठरावीक काळातच उमलतात. खोल तळावर वसंत आला हे कळायला काहीच मार्ग नसतो. ते वर्ष पेशीनेच आत मोजलेलं असतं. म्हणूनच एका महिन्यात नमुना घेतला, प्लेटमध्ये काही उमललं नाही आणि ‘सिस्ट मृत’ असं लिहून मोकळं झालं, हे मला पटत नाही. मी त्याच बरणीतला गाळ काही महिन्यांनी पुन्हा लावते. आतलं द्रव्य आकसून भिंतीपासून दूर, फिकट, विस्कटलेलं दिसलं तरच मृत म्हणते.

किती काळ झोपू शकतात, हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि त्याचं उत्तर गाळावर अवलंबून आहे. साध्या खाडीत कृमी वरचं खाली आणि खालचं वर करत राहतात. पाच सेंटिमीटर खालच्या चकतीत कालचा सिस्टही असू शकतो. गाळातल्या शिसे-२१० या किरणोत्सर्गी मूलद्रव्याची अर्धायु, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, २२ वर्षांच्या आसपास, त्यावरून शे-सव्वाशे वर्षांपर्यंतचं वय काढता येतं. सीझियम-१३७ च्या आलेखात १९६३ चा अणुचाचण्यांचा उंचवटा ताळा पाहायला मिळतो, युरोपात १९८६ चा चेर्नोबिलचाही. पण कृमींनी ढवळलेल्या गाळात हे उंचवटे पसरट होऊन जातात. ज्या तळाशी प्राणवायूच नाही तिथे कृमी नाहीत, थर वहीच्या पानांसारखे शाबूत. स्वीडनच्या कोल्यो फ्योर्डमधून आणि डेन्मार्कच्या मारिआगर फ्योर्डमधून अशाच गाळातले सुमारे शंभर वर्षांचे नमुने पुन्हा वाढवले गेले, पहिल्या ठिकाणी एक डायनोफ्लॅजेलेट, दुसऱ्या ठिकाणी स्केलेटोनेमा हा डायटम. आणि २०२५ मध्ये बाल्टिक समुद्राच्या खोल तळातून जवळजवळ ७,००० वर्षांपूर्वीच्या थरातला स्केलेटोनेमा जागा करून वाढवल्याचं प्रसिद्ध झालं. त्या बातमीनंतर काही आठवडे मला फक्त तेवढंच विचारत होते. विषारी जातींच्या बाबतीत व्यवहारात महत्त्व असतं ते वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांना, कारण उमलून पाण्यात जायची संधी तिथल्यांनाच. खोल गाडलेला सिस्ट कोणी गाळ उपसल्याशिवाय वर येत नाही. बंदरात गाळ उपसायचं काम निघतं तेव्हा मी मुद्दाम चौकशी करते, उपसलेला गाळ कुठे टाकणार म्हणून.

जहाजंही हे सिस्ट वाहून नेतात. बंदरात उभं असताना जहाज समतोलासाठी टाक्यांत पाणी घेतं, पाण्यासोबत गाळही येतो, आणि दुसऱ्या टोकाच्या बंदरात तो रिकामा होतो. ऑस्ट्रेलियात हॅलेग्रेफ आणि बोल्च यांनी टाक्या तपासल्या तेव्हा एकाच टाकीत ३० कोटींहून जास्त जिवंत अलेक्झांड्रियम सिस्ट असावेत असा अंदाज निघाला होता. या पाण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, अमलात आला ८ सप्टेंबर २०१७ ला. मधली १३ वर्षं टाक्या भरत आणि रिकाम्या होत राहिल्याच.

शेवटी अहवाल. शिंपल्यांशी संबंधित माणसं माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात, ‘मॅडम, यंदा विष येणार का?’ त्यांना मी मेनच्या आखाताचं उदाहरण देते. तिथे दर शरदात सिस्टचा नकाशा काढून पुढच्या वसंताचा अंदाज बांधला जात होता. २००५ च्या अलेक्झांड्रियमच्या मोठ्या उद्रेकानंतर ही पद्धत जोमाने चालली. २००९ च्या शरदात सिस्ट प्रचंड प्रमाणात सापडले, म्हणून २०१० साठी मोठ्या उद्रेकाचा इशारा दिला गेला. तो आला नाही. त्या वसंतात आखातात शिरलेलं पाणीच नेहमीपेक्षा उबदार, कमी खारं आणि पोषकद्रव्यांनी गरीब होतं. सिस्ट उमलूनही पुढे वाढायला काही मिळालं नाही. सिस्ट असणं ही एक अट झाली, पाण्याची मर्जी ही दुसरी.

त्यामुळे माझ्या अहवालात नुसता एक आकडा कधी नसतो. वरच्या एक सेंटिमीटरमधले भरलेले किती, रिकामे किती, लावलेल्यांपैकी उमलले किती, आणि नमुना कोणत्या महिन्यातला. खाली एक ओळ असते: फेब्रुवारीपासून दर आठवड्याला पाण्याचं तापमान आणि जाळीतला नमुना पाहावा. ती ओळ कापून टाका, लोकांना गोंधळ होतो, असं मला सुचवून झालं आहे. मी ती ठेवते आणि हल्ली ठळक अक्षरांत छापते.